बीपीची अर्धी गोळी

ज्या माणसाने उभं आयुष्य दारूविरुद्ध पत्रकं छापली, तो सकाळच्या वंदनेला आला, विहाराच्या पायरीवर अडखळला आणि शेजारच्याच्या खांद्यावर कलंडला, तर तुम्ही काय समजाल? संकोच करू नका. आमच्या वस्तीनेही तेच समजलं. वस्तीला त्यात किती आनंद झाला तेही मी जवळून पाहिलं. नीतीचा माणूस घसरताना बघण्याइतकी चांगली करमणूक फुकटात दुसरी मिळत नाही.

ते माझे बाबा. चिखलीला एसटी स्टँडच्या मागे त्यांचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, दुकानदारांची बिलबुकं. मी शाळेत जायच्या आधी पत्रकं वाचायला शिकले. त्यामुळे कित्येक वर्षं मला वाटायचं, की प्रत्येक परिच्छेद कुणाचा तरी जाहीर निषेध करूनच संपतो. अजूनही भाजी खारट झाली की मला आधी निषेध सुचतो, मग पाणी.

मागच्या वर्षी हे बाबा बोलेनासे झाले. एरवी त्यांच्या हातातला माइक काढून घ्यायला दोघं लागायचे. आता वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर तसेच बसायचे. झोप उडाली. नातेवाईक येऊन विचारायचे, "कायचं टेन्शन हाय तुमाले? पोरगी शिकली, घर बांधलं, अजून काय पायजे?" जसं काही उदास व्हायला तहसीलमधून दाखला आणावा लागतो आणि बाबा तो न आणताच उदास झाले होते.

मी त्यांना बुलडाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं आणि दोन गोळ्या लिहिल्या. सकाळची गोळी आजारावरची. "हिचा फरक दिसायला काही आठवडे लागतील, तोवर सोडायची नाही." रात्रीची गोळी झोपेची, तीही थोडेच दिवस. मग विचारलं, "बाकी काही औषध घेता का?"

"नाही," बाबा म्हणाले. तेव्हा ते खरं होतं.

परतीच्या एसटीत बाबांनी झोपेच्या गोळीची पट्टी माझ्या मांडीवर ठेवली. "हे वापस कर. ही नशा हाय."

"बाबा, डॉक्टरनं लिहून देल्ली."

"दारूबी लायसनवालाच इकते."

पंचशीलातल्या पाचव्या, नशा न करण्याच्या शिलापुढे माझं काही चाललं नाही. सकाळची गोळी मात्र त्यांनी सुरू केली. पहिले काही दिवस तिने काहीच होईना, आणि ज्या गोष्टीने काहीच होत नाही तिच्यात नशा असणार नाही, असा त्यांचा हिशोब होता.

पण झोप येईना. मग आमच्या घरात ते सुरू झालं, ज्याला आम्ही 'घरचं' म्हणतो. आईने दुधात जायफळ उगाळलं. शेजारच्या काकूंनी सर्दीची गोळी आणून दिली. "सर्दी नसली तरी चालते, झोप मस्त लागते." काकूंच्या नवऱ्याने खोकल्याच्या औषधाची बाटली दिली, झाकणभर घ्यायची. आणि नांदुऱ्याहून आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिच्यासमोर बाबा आजही मांडी घालून सरळ बसतात. तिने पाकिटातून कात्रीने कापलेल्या पट्टीचा एक तुकडा काढला, गोळी दातांनी अर्धी केली आणि भावाच्या हातावर ठेवली.

"हे बीपीची. मी कित्येक वर्सापासून रोज घेते. डोक्स शांत राह्यते."

"नशा नाही न बाई हिच्यात?"

"मी नशा करीन का बे?"

आत्यापुढे पंचशील काय, संविधानही चालत नाही. बाबांनी गोळी घेतली. जाताना ती आणखी काही गोळ्या ठेवून गेली. अशा रीतीने माझ्या बाबांनी झोपेची एक गोळी तत्त्वासाठी नाकारली आणि तिच्या जागी चार प्रकारचं 'घरचं' सुरू केलं.

झोप लागली. इतकी लागली, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरायची नाही. जीभ जड, पाय जड, भिंतीला धरून चालणं. मला वाटलं, ही डॉक्टरांचीच गोळी अंगावर येत असेल. मी त्यांच्या गाडीची किल्ली लपवून ठेवली. मग विहाराची ती पायरी आली आणि "भाऊ घेऊन राह्यले वाटते" ही बातमी आमच्या पत्रकांपेक्षा वेगाने फिरली.

पत्रिकेचं प्रकरण त्याच आठवड्यातलं. दुकानात दोन कामं होती. एका घरचं लग्न, दुसऱ्या घरी म्हातारे वारले होते, त्यांच्या जलदान विधीचं कार्ड. बाबांनी डोळे चोळत दोन्ही मजकूर जुळवले, गठ्ठे बांधले, पोचवले. दुसऱ्या दिवशी नवरीचा काका पत्रिका हातात घेऊन दुकानात शिरला आणि त्याने ती काउंटरवर आपटली. वर सुंदर वळणदार अक्षरात छापलं होतं: 'जलदान विधी व पुण्यानुमोदन.' खाली नवरा-नवरीची नावं.

"भाऊ, हे काय छापलं तुमी? पोरीचं लग्न हाय का मयत? माही पुतणी रडून राह्यली तिकडं."

बाबा पत्रिकेकडे बघतच राहिले. काकाने त्यांच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला. वास नव्हता, पण त्याची खात्री काही हलली नाही. "खरं सांगा. बसले होते न?"

मी बोलायला तोंड उघडलं तोवर बाबा म्हणाले, "हो. थोडी झाली होती."

ज्यांनी थेंबसुद्धा कधी चाखला नाही ते माझे बाबा हे म्हणाले. आणि त्या काकाचा चेहरा बघता बघता निवळला. "व्हते भाऊ. माणूस हाय. माह्याच्यानंबी साळ्याच्या हळदीत लय झालती." त्याने चहा मागवला. नव्या पत्रिका चार दिवसांत द्यायचं ठरलं. जाताना बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबा त्याला इतके कधीच आवडले नव्हते.

तो गेल्यावर मी भडकले. "खोटं काऊन बोलले बाबा?"

"पेलो म्हणलं तर उद्या विसरतीन. डोक्याची गोळी चालू हाय म्हणलं तर तुह्या लग्नाच्या वक्ताले इचारतीन, घरात पागल हाय का म्हणून."

"मले लग्नच नाही करायचं."

"ते पत्रकात छाप," बाबा म्हणाले. मग खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. "आता सगळंच बंद करतो. सकाळचीबी. तिच्यापायीच झालं हे."

मला त्याचीच भीती होती. ज्या एका गोळीने ते बरे होण्याची शक्यता होती, तीच आता जाणार होती.

दुसऱ्या दिवशी मी घरातलं सगळं एका कॅरीबॅगमध्ये भरलं. सर्दीची गोळी, बाटली, जायफळसुद्धा. आत्याला फोन केला. "माह्या गोळीवर शक घेते का तू," म्हणत ती पहिल्या गाडीने आली आणि भांडायच्या तयारीने आमच्याबरोबर बुलडाण्याला निघाली.

डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक वस्तू उलटून नाव वाचलं. आत्याच्या पट्टीवर नाव नव्हतं, नावाचा भाग मेडिकलवाल्याने दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला कापून दिला होता. "आणखी आहे का?" त्यांनी विचारलं. आत्याने पाकीट उलटं केलं. तळातून आणखी एक तुकडा निघाला, त्याच्यावर पूर्ण नाव होतं. बाबांनी एसटीत नशा म्हणून माझ्या मांडीवर ठेवलेली गोळी तीच होती.

"बीपीची हाय ते," आत्या म्हणाली. "बीपीच्या डॉक्टरनं देल्ली."

"डॉक्टर बीपीचे असतील मावशी. गोळी झोपेची आहे."

मग त्यांनी समजावलं. सर्दीची ती गोळी, खोकल्याचं ते औषध आणि ही अर्धी, तिन्ही गुंगी आणतात. सकाळच्या गोळीबरोबर घेतल्या की गुंगी वाढते, लांबते. माणूस पडतो, गोंधळतो, श्वासही मंदावू शकतो. "सकाळची गोळी सोडायची नाही. सर्दीची आणि बाटली आजपासून बंद. अर्धी मी सांगतो तशी कमी करत सोडायची."

"आन माही?" आत्याचा आवाज बारीक झाला होता.

"तुमची एकदम बंद करायची नाही. इतक्या वर्षांची सवय आहे, झटक्यात सोडली तर त्रास होईल. हळूहळू, माझ्या देखरेखीखाली."

"म्हंजे इतके वर्स मी नशा करून राह्यली?"

बाबा हसले. किती महिन्यांनी हसले होते. आत्याने त्यांच्या दंडावर चापट मारली, तरी थांबेनात.

माझा मात्र निषेध बाकी होता. मी डॉक्टरांना म्हटलं, "तुम्ही 'औषध घेता का' विचारता. आमच्याकडे औषध म्हणजे तुम्ही लिहिलेलं. बाकीचं सगळं घरचं. त्याला कुणी औषध म्हणतच नाही."

"मग कसं विचारू?"

"घरचं काय घेता, असं विचारा."

आम्ही बाहेर येऊन चपला घालत होतो तेव्हा आतून ऐकू आलं, "बरं, आणि घरचं काय घेता?" त्यानंतर पेशंटचा आवाज सुरू झाला. आम्ही जिना उतरेपर्यंत थांबला नव्हता.

दोन दिवसांनी नवरीचा काका नव्या पत्रिका न्यायला आला. बाबा काही बरे झालेले नव्हते, त्याला पुढे बरेच महिने लागले. पण जीभ सुटली होती. त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला आणि म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोललो. पेलो नव्हतो."

"मंग?"

"मले मनाचा आजार हाय. त्याची गोळी चालू हाय. तिच्यावर बहिणीची झोपेची घेतली, शेजाऱ्याची सर्दीची घेतली. त्याच्यानं झालं."

काकाने गठ्ठा उचलला. आता हा पत्रिका घेऊन निघून जाईल आणि संध्याकाळपर्यंत वस्तीभर 'पागल' पोचेल, अशी मी तयारी केली. त्याने दारातून बाहेर पाहिलं, स्टूल जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला.

"बहिणीची कशी होती? कापेल पट्टी, नाव नसलेली?"

"हो."

"आमच्या घरी हाय तशी. बायको घेते रोज. गुडघ्याची म्हणून आणते."

बाबांनी डॉक्टरांचा पत्ता एका कोऱ्या पत्रिकेच्या मागे लिहून दिला.

आता उठा. तुमच्या घरात कोण कोण रात्री काय गिळतं ते बघा. उशीखालचं, देव्हाऱ्यामागचं, पाकिटातलं, बीपीचं, गुडघ्याचं, सर्दीचं, काढे आणि चूर्णसुद्धा, सगळं एका पिशवीत भरा. मेडिकलवाल्याकडून नाव असलेला तुकडा मागून घ्या. घरात कुणाला मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर आधी त्यांना घेऊन जा, आणि पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता. तोवर आपल्या मनाने काही बंद करू नका, आणि आपली अर्धी गोळी प्रेमाने कुणाच्या हातावर ठेवू नका.