मामीचा शेवटचा फर्मा

सिनेमाला जाताना लोक रुमाल घेतात, छत्री घेतात, फारच झालं तर खिशात शेंगदाणे भरून घेतात; पण अख्ख्या गल्लीचा अभ्यास पक्का करून घेऊन मगच तिला सिनेमाला नेणारी बाई या भूतलावर एकच झाली, आणि ती म्हणजे नागपूरच्या महालातली माझी मामी. कादंबरीवर सिनेमा निघाला, की ती कादंबरी वाचल्याशिवाय टॉकीजची पायरी चढायची नाही आणि दुसऱ्यालाही चढू द्यायची नाही, हा तिचा कायदा. "पुस्तक न वाचता सिनेमाले जाणं म्हंजे पोरगा न पाहता पोरगी देणं," असं ती ठणकावून सांगायची, आणि तिचा आवाज असा, की आमच्या घरातली चर्चा सीताबर्डीच्या किल्ल्यावरच्या शिपायांनाही पाठ व्हावी. वाचून आल्यावर ती सिनेमा नुसता पाहत नसे, तपासत असे. एकदा पडद्यावरचा नायक नायिकेला टाकून आगगाडीत चढायला निघाला, तर मामी खुर्चीतून उठून कडाडली, "अबे थांब! आधी तिचं पत्र येते!" आणि देवाशप्पथ सांगतो, नायक पायरीवर एक पाय ठेवून थांबला. रीळ अडकलं होतं, असं टॉकीजचा मॅनेजर मागून सांगत होता. पण मॅनेजर काय, अब्रू वाचवायला काहीही बोलेल.

मी तेव्हा कॉलेजसाठी मामाकडे राहत होतो. त्या उन्हाळ्यात बातमी आली, की धुक्यातून जन्मलेल्या मुलीवरच्या त्या गाजलेल्या कादंबरीचा सिनेमा सीताबर्डीवर लागतो आहे. ही मुलगी घंटा ओतणाऱ्या एका कारागिराच्या प्रेमात पडते. जोवर तिचं नाव कोणी मोठ्यानं उच्चारत नाही, तोवर ती माणूस. नाव उच्चारलं की पुन्हा धुकं. एवढं ऐकूनच मामीचा श्वास वर गेला तो दोन दिवस खाली आला नाही. वरणात दोनदा मीठ पडलं, चहात एकदा. पण वाचनालयातली रांग अशी, की पुस्तक हाती येईतो मामीच्या नातवाची मुंज व्हावी. मामांनी पुण्याहून प्रत मागवली, ती नेमकी सिनेमा लागला त्या शुक्रवारी पोचली. आणि मराठी सिनेमा आमच्याकडे पाहुण्यासारखा यायचा. पुढच्या शुक्रवारी त्याच भिंतीवर हाणामारीचं हिंदी पोस्टर. म्हणजे पुस्तक एक, आठवडा एक आणि वाचणारी डोकी गल्लीभर.

मामी विळी घेऊन बसली. आम्हाला वाटलं, भाजी चिरते. तिनं पुस्तक उघडं केलं आणि पाठीची शिवण कराकरा कापायला घेतली. मामा ओरडले, "अवं, पुस्तक आहे ते, पडवळ नाही!"

"दिसून राहिलं मले. उमरेडच्या विणकराची पोर आहो मी. उसवलेलं जोडता येते. तुम्ही नका घाबरू."

पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या जुड्या शिवून केलेला ऐवज. छापखानेवाले अशा एका जुडीला फर्मा म्हणतात. मामीनं सगळे फर्मे सुटे केले, गोधडीच्या सुईनं एकेकाला दोन टाके घातले आणि गल्लीच्या पहिल्या घरापासून ते क्रमानं सोडले. एका घराचा फर्मा वाचून झाला, की शेजारच्या घरी. शेवटचं घर निवृत्त हेडमास्तर गुरुजींचं, आणि त्यानंतर मामी. पुस्तक तिचं, विळी तिची, मग ती सगळ्यात शेवटी काहून? मी विचारलंच. "वाढणारीनं पहिल्या पंगतीत बसाचं नसते, भाचेबुवा," ती म्हणाली.

त्या आठवड्यात आमच्या गल्लीत जे झालं ते जगात कुठे झालं नसेल. पहिल्या घरी वकिलीणबाईंकडे विरह सुरू झाला होता, मधल्या घरांत प्रेम रंगात आलं होतं आणि पलीकडे अजून ओळखच व्हायची होती. विरहातल्या घरातून प्रेमातल्या घरात विरजण मागायला जायचं तर तोंडाला पदर लावून जायचं, पुढचं एक अक्षर फोडायचं नाही, असा मामीचा हुकूम. नागपूरचं ऊन असं, की दुपारी कावळासुद्धा सावली भाड्यानं घेतो. पण फर्मे भर दुपारी फिरत. ऊन लागू नये म्हणून जो तो कांदा जवळ ठेवून निघे, त्याच पिशवीत फर्मा. त्यामुळे प्रत्येक प्रकरणाला कांद्याचा वास लागला आणि गल्लीभर जे डोळे गळत होते ते कथेनं की कांद्यानं, हे ब्रह्मदेवालाही ठरवता आलं नसतं.

बुधवारी घोटाळा झाला. बाकी सगळे फर्मे मामीकडे परतले, शेवटचा आला नाही. तो गुरुजींकडे अडकला. गुरुजी म्हणजे सत्याचा खांब. आंबा कोणी खाल्ला हे खोटं सांगितलं म्हणून पोटच्या पोराला त्यांनी दिवसभर अंगणात उभं केलं होतं. कादंबरी हा शब्द ते नाक दाबून उच्चारत. वाचणाऱ्यांच्या यादीत नाव होतं ते त्यांच्या बायकोचं, मास्तरीणबाईंचं. त्या मामीपुढे रडकुंडीला आल्या. "मी वाचून उशाशी ठेवला वं, तो गेलाच कुठे तरी! सारं घर पालथं घातलं."

"गुरुजींले विचारलं?"

"त्यांना? कादंबरीचं? मला काय माहेरी जायचंय?"

गुरुवारच्या सहाच्या खेळाची तिकिटं सगळ्यांची काढलेली होती. शुक्रवारी सिनेमा जाणार. मामीनं गुरुवारी दिवसभर काही खाल्लं नाही. शेवट न वाचता शेवट पाहणं तिच्यानं होणारं नव्हतं, आणि न पाहता परत येणंही. रिक्षांची वरात निघाली तेव्हा गल्लीतल्या बायका खुशीनं किंचाळत होत्या आणि मामी मधल्या रिक्षात, पोरीची पाठवणी असल्यासारखी, गप्प.

मध्यंतरापर्यंत तिनं पडदा खाऊन टाकला. आम्ही बाहेर आलो, तर समोरून टोपी हातात घेतलेले, घामानं निथळलेले गुरुजी धावत येताना दिसले. काखेत फर्मा. डोळे असे लाल, की कांद्याचं पोतं फोडून आल्यासारखे.

"क्षमा करा," ते मामीला म्हणाले, "देव्हाऱ्यात पंचांगाखाली ठेवला होता. पुन्हा एकदा वाचावा म्हटलं. मग पुन्हा."

मामीनं आपलं अर्धं तिकीट त्यांच्या हातात कोंबलं. "तुम्ही बसा माझ्या जागी. मी एवढं वाचून आलीच." आणि दिव्याखालच्या बाकावर मांडी घालून बसली. आता, मामी वाचायची ती ओठ हलवत, आणि आवडलेलं वाक्य दोनदा. शेवटच्या फर्म्यात न आवडणारं वाक्य एकही नसावं. घंटी झाली, दारं लागली, मामी आली नाही.

आत सिनेमाचा शेवट झाला तो असा. कारागीर नाव घेतो, धुकं पसरतं, आता ती जाणार म्हणून आम्ही पदर-रुमाल काढले. तेवढ्यात विनोदी हवालदार शिंकला, धुकं उडालं आणि मुलगी जशीच्या तशी उभी. खलनायकाच्या डोक्यावर घंटा पडली, वरमाला झाल्या, पुढच्याच क्षणी पाळणा हलला. दिवे लागले. गल्ली एकमेकींकडे बघत बसली.

बाहेर मामी बाकावर होती. फर्मा मिटलेला, त्यावर दोन्ही हात. चेहरा धुतल्यासारखा.

"मी बसली वाचत अन् पाहाचं राहूनच गेलं," ती म्हणाली. "कशी गेली वं ती? एकदम गेली का हळूहळू?"

वकिलीणबाई चपलेचा अंगठा शोधू लागल्या. मी सांगणार होतो, एवढ्यात मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"हळूहळू," गुरुजी म्हणाले. "आधी पावलं गेली."

"मग बांगड्या," वकिलीणबाई घाईनं म्हणाल्या. "नुसता आवाज राहिला बांगड्यांचा."

"केस सगळ्यांत शेवटी," मी म्हणालो.

मामी डोळे मिटून ऐकत होती. "वळून पाहिलं का तिनं? पुस्तकात नाही पाहत."

गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "पाहिलं. एकदाच."

"पाहाचंच होतं तिनं," मामी म्हणाली. "लिहिणारा विसरला."

पुढे आयुष्यभर तिनं कित्येक सिनेमे पुस्तकाशी ताडून पाहिले आणि सगळे नापास केले. पुस्तकापेक्षा सरस निघालेला सिनेमा एकच, असं ती घरात आलेल्या प्रत्येक नव्या सुनेला सांगायची, आणि गुरुजी असले तर मान खाली घालून हो म्हणायचे. आता मामी नाही, गुरुजी नाहीत, ती टॉकीजही पाडली. मी पुष्कळ सिनेमे पाहिले. मामीनं डोळे मिटून पाहिलेला तो मात्र मलाही एकदा पाहायचा होता.