अण्णांचं अक्षर सेव्ह होईना

सोमवारी नारायणगावातल्या माझ्या दुकानात एका फॉन्टने मला रडकुंडीला आणलं... आणि तेही ज्यांचं अक्षर, त्यांच्याच समोर!

आमचं दुकान म्हणजे डीटीपी, फ्लेक्स आणि हल्ली वेबसाइट. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावच्या यात्रा कमिटीने वेबसाइटचं काम दिलंय. त्याच गावचे अण्णा पेंटर. घोडेगावपासून जुन्नरपर्यंत कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आले आणि कामं आटली, मग लकवा येऊन उजवा हातही गेला.

म्हणून ठरवलं, वेबसाइटचे मथळे अण्णांच्याच अक्षरात करायचे. त्यांच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर सुटं करून फॉन्ट बनवला. जोडाक्षरं जुळवताना घाम फुटला, पण जमलं. संध्याकाळी कमिटीला दाखवायचं होतं. तोवर झालं नाही तर तयार फॉन्ट टाकून मोकळे व्हा, असं त्यांनी बजावलं होतं. अण्णा सकाळच्या एसटीने बघायला आले.

थीममध्ये, म्हणजे वेबसाइटच्या तयार साच्यात, मथळ्यासाठी फॉन्ट निवडला. सेव्ह केलं. पान उघडलं तर मथळा जुन्याच फॉन्टात! पुन्हा केलं... पुन्हा तेच. ब्राउझर बदलला, कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेली जुनी पानं, साफ केली, मशीन बंद करून चालू केलं. शेवटी दुसराच एक फॉन्ट टाकून पाहिला, तर तो पहिल्या फटक्यात सेव्ह!

माझं डोकं सटकलं. कीबोर्ड आपटला, थीम बनवणाऱ्याचा उद्धार केला. मग अण्णा हळूच म्हणाले, "भाऊ, माझं वळण जुनं हाय. न्हाई पसंत पडत ह्या कॉम्प्युटरला. ऱ्हाऊ द्या राव, उगा तुमचा येळ..."

हात गेला तेव्हाही ज्याने कुरकुर केली नाही, तो माणूस आता कॉम्प्युटरसमोर ओशाळून बसला होता.

रागारागाने सगळ्या सेटिंग्ज पुन्हा वाचायला घेतल्या... आणि नजर फॉन्टच्या नावावर गेली. अण्णा कुठलीही पाटी रंगवायच्या आधी कोपऱ्यात खडूने बारीक 'श्री' काढायचे. आपल्याकडे नवं काम त्याशिवाय सुरूच होत नाही. तोच मान राखून मी फॉन्टचं नाव मराठीत 'श्री' ठेवलं होतं! या थीमला इंग्रजीशिवाय नाव कळत नाही. मराठी नाव दिसलं की ती गुपचूप गाळते, वर 'सेव्ह झालं' म्हणून सांगते.

नाव इंग्रजीत लिहिलं, सेव्ह केलं. आणि आला मथळा... 'गावची यात्रा', अण्णांच्या टपोऱ्या, गोल अक्षरात.

"अण्णा, तुमच्या अक्षरात काही खोट नव्हती. मी दिलेलं नाव कॉम्प्युटरला वाचता येत नव्हतं."

"म्हंजी, माझं अक्षर घेतलं त्यानं?"

डाव्या हाताने चष्मा पुसून ते स्क्रीनजवळ सरकले. मला वाटलं, आता रडतात. तर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो 'त्रा' लई खाली बसलाय. वर घ्या त्याला. अजून... अजून जरा. आमी असलं काम कधी दिलं न्हाई."

संध्याकाळी कमिटीने मथळे पास केले. पण त्याआधी एसटीची वेळ होईपर्यंत अण्णा चुका काढत होते आणि मी निमूटपणे दुरुस्त करत होतो. एरवी गिऱ्हाइकाने दोनदा सांगितलं तरी माझा पारा चढतो. सोमवारी मात्र वाटत होतं, काढा अण्णा, अजून चुका काढा...