तरव्याचा पंचनामा

ती घटना आजही आठवते आणि आजही मी एकटाच हसतो.

देवरूखच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक बाई आत आली. भाताच्या रोपांची, म्हणजे तरव्याची, जुडी तिने टेबलावर आपटली.

"सायेब, मुडदा आणलाय. पंचनामा करा!"

संशयित तिचा चुलत दीर. त्याचं शेत आणि काजूची बाग तिच्या बांधाला लागून, बांधावरून जुना तंटा. त्याने तणनाशक मारून तरवा जाळला, असा आरोप. लावणी आठ दिवसांवर आली होती. तरवा गेला तर तिचं शेत वर्षभर पडीक राहणार होतं.

चौकशी सुरू करतो तोच खबर आली, की दिराने नुकतीच दुकानातून तणनाशकाची बाटली नेली होती. त्याला बोलावलं.

"व्हय, मारलं. पण माज्या काजूत," तो शांतपणे म्हणाला.

मला तो बनेल वाटला. कृषी सहाय्यकाला घेऊन घटनास्थळी गेलो. सहाय्यकाने रोप उपटलं. जुनी पानं हिरवी, मधला कोवळा कोंब, म्हणजे पोंगा, मात्र पांढरट पिवळा.

"तणनाशकच आहे," तो म्हणाला, "पण वाऱ्याने आलं असतं तर बांधाकडे जास्त जळलं असतं."

बांधाकडचा तरवा तर हिरवागार! पलीकडच्या टोकाचा पट्टा पार जळून गेलेला, मधला फिकट.

"वहिनी, यावर फवारणी कोणी केली?" मी विचारलं.

"मीच. किडीचं औषद. तीन पंप भरून. त्या टोकापास्नं." तिने जळलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"पंप कोणाचा?"

ती दिराकडे बघेना. "भावोजींच्या पडवीतला. वाडीत सगळीच नेतात, इचारतंय कोण?"

"धुतला होता?"

"तळाला पेलाभर पाणी होतं. कशाला फेकू?"

"पाणी नव्हं, बाय! माजं तणनाशक ता!" दीर ओरडला. "माजाच पंप नेलास आनि मलाच पोलिसात घातलंस!"

पहिला पंप जिथे रिकामा झाला, तोच पट्टा जळला होता. तिने तिकडे पाहिलं. "आता लावू काय?"

दीर म्हणाला, "माजा तरवा उरतो दरसाल. लावणीला ये, घेऊन जा."

तक्रार मागे घेतल्याचा जबाब मी बांधावरच लिहून घेतला. गुन्हा शोधताना आपण आधी वैरी शोधतो, हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी कुठेही गेलो, तरी नुकसान सर्वांत जास्त कुठे झालंय, ते आधी पाहिलं. संशयिताचं नाव नंतर विचारलं.