क्लबाच्या कपाटात पिवळं नको

डेलमिरा सोसाचा संयम त्या दिवशी दुपारच्या आतच संपला. गावच्या टेलिफोन सहकारी संस्थेची ती एकुलती एक तंत्रज्ञ. खांबावर चढायचं तिने, लोकांच्या शिव्या खायच्या तिने. शिव्या परत करण्यातही ती मागे नव्हती म्हणा. पण आजचं दुखणं घरचं होतं.

तिचे वडील, एलेउतेरिओ, दूरच्या वस्तीवर एकटे राहायचे. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज व्हिडिओ कॉलवर तपासता आलं तर राहा वस्तीवर, नाहीतर मुक्काम मुलीकडे. इंटरनेटची फायबर केबल वस्तीच्या फुटबॉल क्लबापर्यंत पोचली होती. लिंक तेवढी लागत नव्हती, आणि बाईंनी दिलेली मुदत आज संपत होती.

संस्थेत नेटवर्कचा नवा स्विच, क्लबाच्या कपाटात दुसऱ्या कंपनीचा जुना. फायबर ज्यात खोचतात ते बोटाएवढं मॉड्यूल नव्या स्विचने आधी ओळखलंच नाही. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "आमचंच घ्या." डेलमिराने त्याची आयमाय काढली आणि कमांड देऊन स्विचला ते पत्करायला लावलं. तरी दिवा लागेना. पावसाने कच्चा रस्ता बंद, म्हणून पलीकडे हात वडिलांचे. क्लबाच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असत.

"बाबा, मॉड्यूल नीट बसलंय ना?"

"बसलंय की. किती वेळा विचारशील? माझा माते चहा गार झाला."

"माते मरू दे! मॉड्यूलची दांडी कुठल्या रंगाची दिसते?"

वडील खाकरले. "निळी."

"निळी? मी पिवळी लावून आले होते!"

"होतीस. आपल्या क्लबाच्या कपाटात पिवळं? शेजारच्या गावाच्या संघाचा रंग? पोरं थुंकतील माझ्यावर. तू इथे ठेवलेल्या सुट्या भागांच्या डब्यात निळं होतं, तेच घातलं. खटका तोच, माप तेच."

डेलमिराने कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून ती स्विचला कोसत होती.

"अहो, निळ्याचं बोलणं पिवळ्यालाच कळतं. दोन्हीकडे निळं असलं की दोघंही बहिरे!"

"मग तुझ्याकडे लाव पिवळं."

"माझ्याकडे कुठंय? सगळी पिवळी तुमच्याकडेच!"

"त्यापेक्षा मी येतो तुझ्याकडे राहायला."

आता मात्र तिचा तोल सुटला. "नका येऊ! मला तुम्ही इथे नकोच. दिवसभर माझ्या खिडकीत बसून रस्ता बघाल, कुणाशी भांडायलाही मिळणार नाही, आणि हिवाळ्याआधी मराल. मला ते बघवणार नाही, बाबा."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कपाटाचं दार करकरलं. खटका दोनदा वाजला, एकदा काढल्याचा, एकदा घातल्याचा. मग तिच्या समोरच्या स्विचवर हिरवा दिवा लागला.

"लागलं का?" वडिलांनी विचारलं.

"लागलं."

"मरेन म्हणालीस, ते खरंच वाटतं तुला?"

"हो."

"मलाही तेच वाटायचं," ते म्हणाले. "तुझ्या घराला नावं ठेवल्यासारखं होईल, म्हणून बोललो नाही."