विमानात नेलेली पेज

माझ्या विहीणबाईसारखी पोटाची राखण करणारी बाई सौंदडपासून कोहमाऱ्यापर्यंत दुसरी सापडायची नाही. माणूस भेटला की लोक पाऊसपाणी विचारतात, ही पोट विचारते. सोयरिकीसाठी आम्ही पहिल्यांदा तिच्या घरी गेलो, तेव्हा माझ्या पोरीचं शिक्षण तिनं नंतर विचारलं. आधी म्हणाली, "पोरीले सकाळी साफ होते ना?" मी म्हटलं, "होते. तुमच्या पोराले?" तिथंच सोयरीक पक्की झाली. तिच्या कमरेच्या पिशवीत ओवा कायम असतो. एसटीच्या कंडक्टरनं ढेकर दिला तर तिकीट घ्यायच्या आधी त्याच्या हातावर ओव्याची चिमूट पडते. लाखोळीच्या डाळीचे वडे तिला जिवापाड आवडतात, पण कुठं जायचं असलं की आदल्या दिवशी ती त्यांच्याकडे पाठ करून बसते.

ही शिस्त तिला विमानानं लावली. आमच्या दोघींच्या नातवाचं बारसं बंगलोरला होतं. तिचा पोरगा न्यायला आला होता. त्यानं विमानतळावर कौतुकानं छोले-भटुरे खाऊ घातले, वरून बाटलीतलं काळं थंड पाजलं. विमान वर चढलं तसं बाईचं पोटही चढलं. बारशाच्या दिवशी ती आतल्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन पडलेली आणि पाळण्याची दोरी माझ्या हातात. परत आल्यावर म्हणाली, "इहीनबाई, पोराचं बारसं मी भिंतीतून ऐकलं."

म्हणून उष्टावणाला तिनं कंबर कसली. त्यांच्या घरी पहिला घास बापाच्या आईनं द्यायचा, तोही घरच्या धानाच्या बांधीतल्या नव्या तांदळाचा. हा घास चुकला की चुकला. आठवडाभर तिनं दुधी आणि मुगाच्या वरणाशिवाय कशाला हात लावला नाही. घासाचे तांदूळ फडक्यात बांधले आणि विमानातलं खाणं नको म्हणून डबाभर पातळ पेज घेतली. विमानतळावरच्या तपासणीत जवानानं डबा उघडला.

"माताजी, ये अंदर नहीं जाएगा. पानी मना है."

"हे पानी नोहे. जेवन होय."

"बहुत पतला है, माताजी."

"पतला है तभी तो पचता है!"

तो हसला, पण डबा काही सोडेना. अन्न टाकायचं नाही आणि पोट भरून विमानात बसायचं नाही, असे बाईचे दोन कायदे. दोन्ही एकदम अडले. मग ती बाकावर बसली, थोडी पेज स्वतः प्याली, उरलेली माझ्या गळ्यात उतरवली. तरी उरलीच, तेव्हा रांगेतल्या एका टायवाल्याला झाकणातून दिली. "पी बाबा, घरची हाय." तो बिचारा उभ्या उभ्या प्याला आणि झाकण पुढं करून म्हणाला, "और है क्या?"

विमानात शेजारच्या पोरीच्या हातातलं चिप्सचं पाकीट फुगून टम्म झालं. विहीणबाईनं ते बोटानं दाबून पाहिलं. "पाहा, असंच झालतं माझं." मग लुगड्याची गाठ सैल केली, कोमट पाणी मागून घोट घोट प्याली, मधल्या वाटेनं फेऱ्या मारल्या आणि येऊन पोटावर हात ठेवून बसली.

मी विचारलं, "काऊन हो, दुखून राहिलं का?"

"चूप बसा. ऐकून राहिली मी."

पोट बोललं नाही. उष्टावणाला ती ताठ बसली. नातवानं आधी तोंड वाकडं केलं, मान फिरवली, मग कसंबसं उघडलं. मऊ भात आत गेला. लोक फोटो काढत होते आणि ही नातवाच्या इवल्या पोटावर तळहात ठेवून डोळे मिटून बसली होती.

आता तिचं हृदय कमजोर झालं आहे. डॉक्टरांनी विमान बंद केलं. नातू शाळेत जातो, मी एकटीच जाऊन येते. निघताना ती सौंदडच्या स्टेशनावर नव्या तांदळाचं फडकं आणि ओव्याची पुडी घेऊन हजर असते. मला लाडीगोडी जमत नाही, पण नातू झोपला की मी त्याच्या पोटावर हात ठेवून पाहते. घरी गेल्यावर विचारणा होणार, हे माहीत असतं. पोर किती उंच झालं, कोणावर गेलं, हे ती विचारत नाही.

"पोट मऊ होतं ना?"

"मऊ होतं."

मग ती ते रिकामं फडकं माझ्या हातातून घेते, मांडीवर ठेवून सारखं करते, आणि त्यावर तळहात ठेवून डोळे मिटते.