मामांचं पाशिंजर

"चढू द्या की. गाडी कुठं पळून चालली?"

हे वाक्य मामांच्या तोंडात कायम. लग्नाच्या पंगतीत धक्काबुक्की झाली, मामा म्हणणार, चढू द्या की. पाण्याच्या टँकरपुढं बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात आल्या, मामा तेच म्हणणार. टँकरवर कुणालाच चढायचं नसायचं, ते सोडा.

मामा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. मामी गेल्यापासून एकटेच राहायचे, आमच्या अगदी समोर. आवाज असा की पुण्यातल्या मुलाशी बोलायला हा माणूस फोन कशाला लावतो, असा प्रश्न पडावा. मी वाळूजच्या कारखान्यांतल्या कामगारांना डबे देते. पोळ्या लाटायचा ओटा खिडकीपाशी आहे, त्यामुळं समोरच्या अंगणात काय चाललंय ते मला बघावंच लागतं. तुमचीही एखादी खिडकी असेलच, उगाच नाही म्हणू नका.

तर झालं असं, कॉलनीत लागोपाठ चोऱ्या झाल्या आणि समिती झोपेतून उठली. ठराव झाला: राखणीला कुत्रा आणायचा, आणि चांगला दांडगा आणायचा. अंगण फक्त मामांचं मोठं, म्हणून मान मामांना. भटक्या कुत्र्यांना सांभाळतात त्या निवाऱ्यात अध्यक्ष स्वतः गेले, मामांना बरोबर घेऊन. बैलबाजारात बघतात तशी छाती बघितली, पाय बघितले, जबडा बघितला आणि सगळ्यात थोराड कुत्रा पसंत केला. तिथली मुलगी बिचारी सांगत होती, "हा फार भितो. दोन घरांनी परत आणून सोडलाय. आता तिसऱ्यांदा परत आला तर माणसाजवळ जाणारच नाही कधी." अध्यक्षांचं लक्ष जबड्याकडं होतं. ऐकलं एकट्या मामांनी.

आता नवीन गाडी दारात आली की आपण काय करतो? तेच केलं. गेटपाशी पाच बायका ताम्हण घेऊन उभ्या, मीही त्यातली एक. कुणीतरी घंटा वाजवली. कुंकू लावायला हात पुढं गेला तेव्हाच कुत्र्यानं डोळे मिटून घेतले होते. मग अध्यक्षांनी त्याच्या पायाशी खाडकन नारळ फोडला.

वाघाएवढं ते जनावर अध्यक्षांच्या पांढऱ्या बुटांवर मुतलं आणि दोरी तोडून मामांच्या जिन्याखाली घुसलं. तिथं मांजर मावायची मारामार. समितीनं त्याचं नाव सुलतान ठेवलं होतं. सुलतान जिन्याखाली थरथरत होता आणि बाहेर आम्ही खोबरं वाटून खात होतो.

मामांनी सगळ्यांना घरी पाठवलं. मग जिन्याकडं पाठ करून एका पालथ्या बादलीवर बसले. भाकरीचे तुकडे मागं ठेवले आणि रस्त्याकडं बघत राहिले.

हे रोजचंच होऊन बसलं. सकाळी बादली, संध्याकाळी बादली. मी विचारलं, "मामा, त्याच्यावर रुसलात का?"

"ताई, तोंडाकडं बगितलं की त्याला तिकीट मागितल्यावानी वाटतं," मामा म्हणाले. "बगायचं नाय. बसायचं."

आणि म्हणाले कसे, तर कुजबुजत. ज्या माणसाचा आवाज चार स्टँडांवर ओळखत होते, तो आता दूधवाल्याशी भांडतानाही घसा बसल्यासारखा बोलायला लागला. दूधवाल्याला वाटलं मामा आजारी आहेत. त्यानं त्या महिन्यात पाणी कमी घातलं.

कॉलनीला करमणूकच झाली. शहागंजात मटणाचं दुकान असलेले चाचा आमच्याच गल्लीत राहतात. ते रोज हाडं आणून द्यायचे आणि रोज विचारायचे, "क्या मामा, कुत्ता लाए के दुल्हन? घूंगट उठाई के नई?"

"उठवंल. घाई कुणाला हाय?"

घाई सगळ्यांनाच होती. नळाला पाणी कधी येईल याची आठ-आठ दिवस वाट बघणारी माणसं आम्ही, पण कुत्रं दोन दिवसांत वाघ व्हावं अशी आमची अपेक्षा. कुणी सांगे उपाशी ठेवा, कुणी सांगे एक काठी घाला. मामा हो म्हणायचे आणि बादलीवर जाऊन बसायचे.

एकदा त्यांच्या अंगणातल्या नळावर डबे धुताना मी त्यांना विचारलंच, एवढा धीर आणता कुठून. त्यांनी भाकरीचा एक तुकडा मागं सरकवला. मग म्हणाले, "एकदा टाइम झाला म्हणून डबल बेल दिली. गाडी हालली. एका म्हातारीचा एक पाय अजून खालीच व्हता. जगली ती, पण लंगडी झाली. तवापासून पाशिंजर चढून बसल्याबिगर मी घंटीला हात लावला नाय. डायव्हर शिव्या घालायचे." जिन्याखालच्या अंधाराकडं न बघता त्यांनी मागं बोट केलं. "ह्योबी पाशिंजरच हाय. एक पाय खाली हाय त्याचा."

त्या दिवसापासून माझ्यापुरतं सुलतान हे नाव संपलं. मामा त्याला पाशिंजर म्हणायचे, मीही म्हणायला लागले.

पाशिंजर आधी जिन्याबाहेर तोंड काढायला लागलं. मग मामांच्या पाठीमागं येऊन भाकरी खायला लागलं. पावसाळा सरता सरता एका दुपारी ते उंबरा ओलांडून आत गेलं आणि मामांच्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपलं. त्या दुपारी मामा अनवाणीच माझ्या दारात आले होते. मी विचारलं तर म्हणाले, "चप्पल झोपलीय."

आणि नेमकी तेव्हाच पुन्हा चोरी झाली. चोरानं अध्यक्षांच्याच अंगणातली पाण्याची मोटर उचलून नेली. पाशिंजरानं काय केलं? ते मामांच्या पलंगाखाली गेलं.

समितीची तातडीची बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, "मामा, चोर आला तरी भुंकलं नाही. परत देऊन टाकू."

"भुकायला त्यानं काय पगार घेतलाय?" मामा म्हणाले. "गाडीत घेतलेलं पाशिंजर मधीच उतरवता येत नाय."

पण मामांचे गुडघे गेले होते. बादलीवरून उठायला त्यांना भिंत धरावी लागायची. पुण्याहून मुलगा आला, तुम्ही आता माझ्याकडंच राहायचं म्हणाला. मुलगा चांगला, सून चांगली. फक्त कुत्र्याला निवाऱ्यात परत सोडू, असं त्याचं म्हणणं.

"मंग मलाबी तिथंच सोड," मामा म्हणाले.

शेवटी तोड निघाली: कुत्रं गाडीत चढलं तर न्यायचं. मुलानं हे हसत हसत कबूल केलं, कारण पाशिंजरानं आजवर गेटही ओलांडलेलं नव्हतं, आणि हे मुलाला माहीत होतं.

जायच्या दिवशी अख्खी कॉलनी रस्त्यावर. मामा मागच्या सीटवर बसले, तोंड पलीकडच्या खिडकीकडं. अलीकडचं दार सताड उघडं. पाशिंजर गेटच्या आत, शेपूट पोटाखाली.

ऊन चढलं. सल्ले सुरू झाले. दोरी बांधून ओढा. गुंगीची गोळी द्या. चाचांनी मटणाची नळी दाखवली, कुत्र्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. मुलगा घड्याळ बघून बघून वैतागला आणि त्यानं हॉर्न दाबला. कुत्रं धावत जिन्याखाली.

गाडीतून मामांचा आवाज आला, तो जुना चार स्टँडांवरचा नव्हे, अगदी बारीक. "बाळा, घंटी माझ्या हातात हाय. तू हात लावू नको."

बऱ्याच वेळानं ते पुन्हा गेटपर्यंत आलं. एक पाऊल बाहेर टाकलं, थांबलं. अध्यक्ष बाह्या सारत पुढं झाले, उचलूनच कोंबतो म्हणाले. मला काय झालं कोण जाणे. पोळ्यांचं पीठ हाताला तसंच होतं, मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"चढू द्या की," मी म्हणाले. "गाडी कुठं पळून चालली? आणि सगळे त्याच्याकडं बघताय काय असे? वळा तिकडं."

चाचा आधी वळले. मग बायका, मग मुलगासुद्धा स्टिअरिंगपुढं मान घालून बसला. अध्यक्षांनीही पाठ फिरवली. निवडून आल्यापासून त्यांना ती सवय आहेच. एवढी मोठी कॉलनी, सगळे भिंतीकडं तोंड करून उभे. येणारेजाणारे काय म्हणाले असतील देव जाणे. मी भिंतीकडं बघून रडत होते. बरं झालं, कुणाला दिसलं नाही.

नखांचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मग गाडी एकदम खाली दबल्याचा आवाज. दार हळूच लागलं.

आणि मग आतून कुणीतरी पत्र्यावर दोनदा वाजवलं. टक टक.

आम्ही वळलो तोवर गाडी कोपऱ्यावर पोहोचली होती. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक टोपीचं आणि एक भलंमोठं. दोघंही आमच्याकडं पाठ करून बसले होते.