तारमामांची पट्टी

तारमामांनी आयुष्यात कुणाला हाक मारून निरोप दिला नाही. भोकरदनच्या आमच्या गल्लीत पहिला फोन त्यांच्याकडे आला आणि सगळ्या गल्लीचे निरोप तिथेच येऊ लागले. समोरच्या गयाबाईंचं दार दहा पावलांवर. पण त्यांचा निरोप आला की मामा आधी हात धुवायचे, टोपी घालायचे आणि मशीनवर बसायचे. निरोप छापील पट्टीवर उतरून गयाबाईंपर्यंत पोचायला पाऊण तास लागे. "ओरडले असते तं एव्हाना त्यांचा च्या बी पिऊन झाला असता," मामी आतून म्हणायच्या.

मामा म्हणजे रंगनाथराव. जालन्याच्या तारघरात त्यांनी जन्मभर तारा वाटल्या आणि फावल्या वेळात तिथली यंत्रं उघडून पाहिली. निवृत्त झाल्यावर तसलंच एक घरी उभं केलं. शिलाई मशीनचं पायडल, लिलावातला मराठी टाइपरायटर, सायकलची घंटी. एका कागदी पट्टीवर हाताने भोकं पाडायची, ती यंत्रात घालून पायडल मारायचं, की दुसऱ्या पट्टीवर अक्षरं उमटायची आणि शेवटी घंटी वाजायची. तीन वर्षं खटपट चालली. पहिलं अक्षर उमटलं तेव्हा मी शाळेत शिकवत होतो, तिथून मला बोलावून घेतलं. उमटला होता 'ळ'.

"मास्तर, अवघड होतं ते आधी उरकलं," मामा म्हणाले.

"पण हे सगळं कशासाठी?"

त्यांनी टोपी काढली. "जुन्या जालन्यात एका घरी पोरगा नोकरीला लागल्याची तार घेऊन गेल्तो. मला पाह्यलं अन् बायांनी गळाच काढला. तार फोडलीच न्हाई कोणी. तीस वर्षं हेच. मला मरायच्या आधी एकदा बघायचंय, माझ्या हातातली पट्टी पाहून माणूस हसत पुढं आलंय."

मुहूर्त लवकरच लागला. गयाबाईंची लेक बदनापूरला बाळंत झाली, फोन आला. मामांनी पट्टी छापली, कागदावर चिकटवली आणि तारघरातला खाकी कोट घालून निघाले. कोट घालायला नको होता. गयाबाईंनी कोट पाहिला, पट्टी पाहिली आणि दारातच बसकण मारली. त्यांचा टाहो ऐकून गल्ली गोळा झाली. कुणी तरी सुतक धरून चुलीवर पाणी ओतलं. मामा मधोमध उभे राहून "वाचा, आधी वाचा!" म्हणत होते, आणि बाया त्यांनाच धीर देत होत्या. शेवटी मी पट्टी हिसकावून ओरडलो, "मुलगी झाली! दोघी खुशाल!"

गयाबाईंनी डोळे पुसले. "मामा, आग लागो तुमच्या मशीनला! तोंड दिलंय ना देवानं? मंग?"

मामा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी खाकी कोट मामींना पायपुसण्यासाठी देऊन टाकला आणि नियम केला: वाईट बातमी पट्टीवर येणार नाही, ती आपण स्वतः जाऊन तोंडाने सांगायची. पट्टी फक्त आनंदाची, आणि तिच्यासोबत एक बत्तासा.

माणसं बत्ताशाला लवकर सोकावतात. वर्षभरात घंटी वाजली की गल्ली हात पुढे करून हजर. पुढे घरोघर मोबाइल आले. बातमी आधीच कळलेली असायची, तरी गयाबाई येऊन म्हणायच्या, "मामा, नात बारावी पास झाली. जल्दी पट्टी काढा, त्याच्याबिगर बराबर वाटून न्हाई राह्यलं."

मामा गेले ते सकाळी, झोपेतच. मामी पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच, "मास्तर, त्याह्यनी डब्यात भोकं पाडलेली एक पट्टी ठेवलीय. आधी ती चालवा." मी पायडल मारलं. घंटी वाजली.

गयाबाई धावत आल्या. हसत, हात पुढे करून. "कोणाला काय झालं ओ?"

मी पट्टी त्यांच्या हातात दिली. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी अक्षरावर बोट ठेवून ती शेवटपर्यंत वाचली: 'सुखरूप पोचलो. प्रकृती उत्तम. काळजी नसावी. रंगनाथ.'

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. पट्टी पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग रडल्या.

पूर्ण मजकूर वाचून रडणारं माणूस मामांना असं मिळालं.